ब्रेक झाले, येऊ नकोस

आमच्या गाडीचे पुढचे ब्रेक खराब झाले तेव्हा मला आनंद झाला होता. हे वाचून कोणी म्हणेल, बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना? आहे. लातूरला झेडपीच्या शाळेत भूगोल शिकवते, नवऱ्याशी रोज एकदा तरी वाद घालते आणि त्याशिवाय मला जेवण जात नाही. माझं नाव वर्षाराणी, पण राणीसारखं वागायची सवय घरात कोणी लावू दिली नाही. तरी त्या ब्रेकचं मला मनापासून बरं वाटलं होतं, ते का हे सांगते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. आधी हलकं, मग हाताला मुंग्या येतील एवढं. खालून खर्र खर्र असा आवाजही यायचा. दुसरी कोणी असती तर त्याच दिवशी गॅरेजला गेली असती. मी गाडी अंगणात उभी केली, वर ताडपत्री टाकली आणि स्कूटीवर शाळेत जायला लागले. रविकिरणनी, म्हणजे आमच्या यजमानांनी, एकदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, "पेट्रोल वाचतंय, वाचू द्या." त्यांना ते पटलं, कारण ते पटण्यासारखंच होतं. खरं कारण वेगळं होतं. पंचमी जवळ येत होती.

आमच्या भागात नागपंचमी हा लेकींचा सण. दिवाळीला नाही आली तर चालतं, पण पंचमीला लेक माहेरी पाहिजे. लिंबाच्या झाडाला झोके बांधलेले असतात, घराघरातून ज्वारीच्या लाह्यांचा वास येत असतो, आणि आदल्या दिवशी बायका भावासाठी उपवास धरतात. मात्र लेकीनं पिशवी उचलून आपली आपण माहेरी जायचं नसतं. तिकडून कोणीतरी न्यायला यावं लागतं. बाप येतो, भाऊ येतो, कोणीच नसलं तर चुलत्याचा पोरगा येतो. त्याला मुराळी म्हणतात.

माझं माहेर मुदखेडजवळ. लग्नानंतर दोन वर्षं आमचे वडील न्यायला आले, ते थकले तेव्हापासून भागवत, माझा धाकटा भाऊ. सकाळची एसटी पकडून नांदेड, तिथून दुसरीनं लातूर. इस्त्रीचे कपडे प्रवासात चुरगळलेले, हातात लाह्यांची पिशवी. माझ्या सासूबाई फार कडक होत्या, घरात त्यांचा शब्द शेवटचा. पण मुराळी दारात आला की त्यांचाही आवाज खाली यायचा. त्याला पाय धुवायला पाणी, बसायला सतरंजी, जेवायला आग्रह. तो पावसाचं बोलायचा, पिकांचं बोलायचा, रेल्वेच्या फाटकाचं बोलायचा. कशासाठी आलाय ते सगळ्या घराला माहीत असायचं, पण लगेच विषय काढायचा नाही अशी रीत होती. जेवणं होत आली की मग तो सासूबाईंची परवानगी मागायचा. मी स्वयंपाकघरात पोळी तव्यावर टाकून कान बाहेर लावून उभी असायचे. पोळी कधी कधी करपायची. कोणीतरी आपलं काम टाकून, एवढं अंतर तोडून, फक्त माझ्यासाठी आलंय आणि मला मागतंय, हे ऐकण्यात जे सुख होतं ते मला नंतर पगारात मिळालं नाही आणि बढतीतही मिळालं नाही.

मग मी गाडी घेतली. स्वतःच्या पगारातून घेतली, रविकिरणच्या आधी चालवायला शिकले. त्या वर्षी पंचमीला मीच चालवत मुदखेडला गेले. अख्खी गल्ली बघायला आली. वहिनीनं, पुनमनं, गाडीला हळदीकुंकू लावलं. भागवत गाडीभोवती दोनदा फिरला, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "अक्का, लई भारी काम केलंस." मी गल्लीतल्या बायकांना कोंबून मुदखेडच्या स्टेशनापर्यंत फिरवून आणलं. त्या दिवशी मी फार खूश होते. काय गमावलं ते पुढच्या वर्षी कळलं.

पुढच्या वर्षी फोन आला तेव्हा भागवतनं विचारलं, "अक्का, कधी निघून राहिलीस?" मी थोडी थांबले. वाटलं, पुढं म्हणेल, मी येतो न्यायला. तो म्हणाला, "सकाळी लवकर नीघ, लोह्याजवळ रस्त्याचं काम चालू हाय." त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. पुनम तर हसत म्हणाली, "गाडीवालीला कशाला मुराळी लागतोय." मीही हसले. दुसरं काय करणार? शेचाळीस वर्षांची बाई, हातात पगार, खिशात लायसन्स, तिनं धाकट्या भावाला म्हणावं का, मला न्यायला ये म्हणून? आणि सांगितलं म्हणून आला तर त्याची काय किंमत? सांगून आणलेला मुराळी म्हणजे रिक्षावाला.

तर मी दर वर्षी जात राहिले. जेवले, झोका खेळले, वारुळाला दूध-लाह्या वाहून आले आणि तशीच गाडी चालवत परत आले. आई गेली, मग वडील गेले, भावाच्या घरात माझी सोय चांगलीच व्हायची. पण मी माहेरी जात होते, मला माहेरी कोणी नेत नव्हतं. हा फरक रविकिरणना सांगायचा मी एकदा प्रयत्न केला होता. ते म्हणाले, "अंतर तेवढंच आहे की." भौतिकशास्त्राचा माणूस, त्यांना अंतर मोजता येतं.

आता ब्रेकचं कळलं असेल. आषाढ संपत आला आणि एका संध्याकाळी भागवतचा फोन आला.

"अक्का, कधी निघून राहिलीस?"

"यंदा गाडीचं काही खरं नाही रे. पुढचे ब्रेक गेलेत. डिस्क खराब झाल्यात."

"मंग?"

"मग काय. यंदा राहू दे."

पलीकडून रेल्वेची शिट्टी ऐकू आली. मी फोन कानाला घट्ट धरून बसले होते.

"राहू दे कसं?" भागवत म्हणाला. "मी येतो ना न्यायला. आदल्या दिशी, सकाळच्या यष्टीनं."

"तुला कशाला त्रास? गलांड्याची फुलं तोडायला आली असतील."

"फुलाचं पुनम बघंल. मी येऊन राहिलो."

फोन ठेवला आणि मी ओट्याला टेकून रडले. चांगली नाक ओढून रडले. मग तोंड धुतलं आणि कपाटातून पिशवी काढली. पंचमीला अजून आठवडा होता, पण पिशवी भरायला घेतली.

रविकिरण बाहेर पेपर वाचत होते. माझं अर्धं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं आणि नेमकं नको ते अर्धं. आमच्या यजमानांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ज्युनिअर कॉलेजात शिकवतात. घरातली प्रत्येक वस्तू उघडून बघायची हौस. मिक्सर, पंखा, गीझर, सगळं एकदा तरी त्यांच्या हाताखालून गेलेलं आहे, आणि बहुतेक वेळा ते परत सुरू होतं हेही मान्य केलं पाहिजे. स्वभाव इतका प्रेमळ की मी काही मागायच्या आत आणून देतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला काय हवं ते त्यांना न सांगता कळतं असा त्यांचा ठाम समज आहे.

पंचमी सोमवारी होती. रविवारी पहाटेच मी उठले. माझा भावाचा उपवास होता, पण भावाला काही उपवास नव्हता. त्याच्यासाठी वांग्याचं भरीत, ठेचा, भाकरी आणि शेवयांची खीर करायची होती. वांगी भाजायला ठेवली आणि अंगणातून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

बाहेर येऊन बघते तर ताडपत्री बाजूला, गाडी जॅकवर, मागच्या चाकांना दगड लावलेले, पुढचं एक चाक काढून भिंतीला टेकवलेलं. रविकिरण बनियनवर, गुडघ्याखाली गोणपाट टाकून बसलेले. शेजारी दोन खोकी. एकात चकचकीत नव्या डिस्क, दुसऱ्यात पॅड.

"अहो, हे काय मांडलंय?"

"तुला सांगणार नव्हतो. झाल्यावर दाखवणार होतो. काल कॉलेजातून येताना गुरुलिंगच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून सामान आणलं. त्यानं कसं करायचं तेही सगळं समजावून दिलंय."

"आज भागवत यायचाय."

"म्हणून तर," ते म्हणाले आणि हसले.

मला वाटलं, पाहुणा यायच्या आत उरकायचं म्हणून घाई चालली आहे. राग तर आलाच. म्हणजे एवढे दिवस मी जे जपून ठेवलं होतं ते या माणसानं सकाळी सकाळी जॅकवर चढवलं. पण मग विचार केला, बिघडलं कुठं? भागवत एसटीत बसला असेल. दारात येईल, पाय धुईल, जेवेल, बोलेल. परतताना एसटीऐवजी गाडीनं जाऊ, तो शेजारी बसेल, रस्ताभर बोलता येईल. हे तर उलट बरंच झालं. राग उतरला आणि मी टॉर्च धरायला बसले.

कॅलिपरचे दोन बोल्ट निघाले. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरणारा तो जड तुकडा. तो रविकिरणनी तारेनं वर बांधून ठेवला, ब्रेक ऑइलच्या नळीवर वजन येऊ नये म्हणून. डिस्क मात्र निघेना. गंजानं हबला धरून बसली होती. त्यांनी तेल मारलं, थांबले, हातोडीनं चहूबाजूंनी ठोकलं, परत तेल मारलं. शेजारचे साहेबराव काका भिंतीवरून डोकावून म्हणाले, "सर, पाहुण्यांची गाडी आहे का? फार जीव लावून राहिलात." मला हसू आलं. शेवटी एक ठोका बसला आणि डिस्क खणकन हातात आली.

"हात फिरव," रविकिरण म्हणाले. मी बोट फिरवलं. कडेला चांगली उभी धार आली होती आणि मधला भाग झिजून खाली गेला होता, त्यात चरे. "झिजली तर आहेच, वर तापून वाकडीही झाली आहे. म्हणून थरथरत होतं. तू मला आधी का नाही सांगितलंस?"

त्या जुन्या डिस्कची मला थोडी दया आली. सगळ्या घरात तेवढी एकच माझ्या बाजूची होती.

त्यांनी हब तारेच्या ब्रशनं घासला. नव्या डिस्कवरचं तेल फवारा मारून पुसलं आणि मला दोनदा बजावलं की आता हिला तेलकट हात लावायचा नाही. पिस्टन दाबून आत बसवला, नवे पॅड लावले. "एकच बाजू बदलून भागत नाही," ते म्हणाले, "दोन्ही बदलाव्या लागतात, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते." मग दुसरं चाक. मी मधे उठून भाकरी थापल्या, खीर ढवळली, परत येऊन बसले. एक कान सारखा गल्लीच्या तोंडाकडं. रिक्षाचा आवाज आला की मान वर, आणि रिक्षा पुढं निघून जायची.

चाकं चढली, गाडी खाली उतरली. त्यांनी मला आत बसवून ब्रेक दाबायला लावला. पहिल्यांदा पाय थेट खाली गेला, मग तीन-चारदा दाबल्यावर पायाखाली घट्ट लागलं. "आलं बघ प्रेशर," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मीही हसले.

मग नळावर हात धुता धुता ते म्हणाले, "झालं. आता हवं तेव्हा नीघ. भागवतलाही सकाळीच फोन करून टाकला."

"कसला फोन?"

"ब्रेक झाले, येऊ नकोस म्हणून. झाले नव्हते, पण होणारच होते. नांदेडच्या स्टँडवर पोचला होता बिचारा. वेळेवर सांगितलं, नाहीतर इथपर्यंत उगाच हेलपाटा."

माझ्या हातात त्यांच्यासाठी टॉवेल होता. तो मी दिला नाही.

"काय म्हणाला तो?"

"काय म्हणणार? म्हणाला, बरं दाजी."

मी चिडले की आवाज चढतो, हे सगळ्या शाळेला माहीत आहे. त्या वेळी चढला नाही. रविकिरण घाबरले ते त्यामुळंच. "काय झालं? तुला जायचं होतं ना? तूच म्हणालीस ना त्याला, ब्रेक गेलेत म्हणून?"

"मला ब्रेक नको होते," मी म्हणाले. "मला मुराळी हवा होता. सहा वर्षं झाली, माझ्या दारात मला न्यायला कोणी आलं नाही. आज येत होता. अर्ध्या वाटेत होता. आणि तुम्ही त्याला येऊ नको म्हणालात. मुराळ्याला येऊ नको म्हणतात का कोणी? भांडण असलं, लेकीचं माहेर तोडायचं असलं तरच सासरचे असं म्हणतात. तुमच्या आईनंसुद्धा कधी म्हटलं नाही."

ते पायरीवर बसले. ओले हात तसेच. ते शहरात वाढलेले, त्यांच्या घरात बहिणी नव्हत्या, मुराळ्याला परत फिरवत नाहीत हे त्यांना खरंच ठाऊक नसणार. ते हळूच म्हणाले, "मी आत्ता फोन करतो त्याला. ये म्हणतो."

"नको. आधी जा म्हणायचं, मग ये म्हणायचं. तो काय नोकर आहे तुमचा?"

मीही त्याला फोन केला नाही. काय म्हणणार होते? न जाण्याचाही विचार आला, पण उपवास धरलेला, पंचमी उद्यावर, आणि दाजी येऊ नको म्हणाले त्यावर अक्काही आली नाही असं झालं तर भावाच्या मनात कायमची गाठ बसली असती. मी भरीत-भाकरी झाकून ठेवली, पिशवी गाडीत टाकली आणि निघाले. रविकिरणना दुसऱ्या दिवशी कॉलेजात जावंच लागणार होतं, ते फाटक उघडायला आले. खिडकीशी वाकून अपराध्यासारखं सांगत होते, "लगेच जोरात ब्रेक मारू नकोस. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, मग हळूहळू कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही. असं आठ-दहा वेळा कर. नवे पॅड आणि नव्या डिस्क एकमेकांना सरावल्या पाहिजेत." मी काच वर केली.

आष्टामोड गेलं, चाकूर गेलं. मी वेग घ्यायची, हळूहळू कमी करायची, परत घ्यायची. मागचे ट्रकवाले हॉर्न मारत होते, मारू दिले. स्टिअरिंग एकदम गप्प होतं. आणि रस्ता सगळा मुराळ्यांनी भरलेला. मोटारसायकलवर पुढं भाऊ, मागं बहीण, मधे पिशवी. टमटमच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसलेल्या नव्या लग्नाच्या पोरी, त्यांच्याजवळ चुरगळलेल्या शर्टातले भाऊ. शिरूर ताजबंदच्या स्टँडवर एक म्हातारा उभा होता, एका हातात लेकीची बॅग, दुसऱ्या हातानं येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून डोळ्यांवर आडोसा. त्याच्या मागं त्याची लेक बिनघोर केळं खात उभी होती. तिला कुठली गाडी, किती वाजता, काही बघायचं नव्हतं. मला तिचा इतका हेवा वाटला की डोळ्यांपुढचं दिसेना. एसी चालू असलेल्या स्वतःच्या गाडीत बसून मी एका केळं खाणाऱ्या पोरीचा हेवा करत होते. रडत रडतच मी वेग कमी केला, परत वाढवला.

भागवत आता कुठं असेल, याचाच विचार डोक्यात. घरी परत जाऊन पुनमला काय सांगितलं असेल? तो मनात ठेवणारा आहे. बोलणार नाही, नेहमीसारखा हसेल, आणि पुढच्या वर्षी फोनही करणार नाही.

अहमदपूर ओलांडलं आणि फोन वाजला. रविकिरण. मी उचलला नाही. परत वाजला. गाडी हळूहळू कडेला घेतली.

"भागवत आलाय," ते म्हणाले.

"कुठं?"

"इथं, आपल्या घरी. आत ये म्हटलं तर येत नाही. टोपी घालून आलाय. दारात उभा आहे."

"त्याला द्या."

थोडी खुडबुड झाली, मग भागवतचा श्वास ऐकू आला.

"अक्का."

"अरे, तुला तर दाजींनी..."

"हाव. येऊ नको म्हणले."

"मग?"

"मंग बसलो स्टँडावर. दोन गाड्या सोडल्या लातूरच्या. घरी वापस जाऊन काय सांगू, मुराळी अर्ध्या रस्त्यातून वापस आला म्हणून? तिसरीत बसलो. म्हणलं, दाजींनी न्हाई पाठवलं तर न्हाई. दारात तं जाऊन येतो." मग थांबून म्हणाला, "तं तू निघून गेलीस."

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

"एक सांगू का अक्का? तुझी गाडी आली आन् माझं येणं गेलं. मला वाटायचं, तुला आता यष्टी नको वाटती. माझ्यासंगं धक्के खात यायला लाज वाटत आसंल. म्हणून मी इचारलंच न्हाई कधी. यंदा तू म्हणलीस ब्रेक गेले, तं मला लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? दाजींचा फोन आला तव्हा त्या ब्रेकचाच राग आला."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. सहा पंचम्या. त्यानं तिकडं बसून काढल्या आणि मी इकडं, आणि दोघंही एकमेकांना फोनवर रस्त्याचं काम कुठं चालू आहे ते सांगत होतो.

"भागवत, तिथंच थांब. अहमदपूर सोडलंय, पण मी येते."

"येडी का तू? अहमदपूर सोडलंस म्हणती आन् वापस फिरती? तू पुढं हो. मी येतो मागून."

"मी काय म्हणाले?"

"बरं," तो म्हणाला.

मी भूगोल शिकवते. माझं माहेर कुठल्या दिशेला आहे ते मला कळतं. तरी पुढं जागा बघून गाडी वळवली आणि माहेराकडं पाठ करून लातूरचा रस्ता धरला. त्या परतीच्या रस्त्यावरही तेच सगळे दिसत होते, मोटारसायकलवाले, टमटमवाले. आता मला त्यांचा हेवा वाटत नव्हता, उलट ते वाटेत येत होते म्हणून चीड येत होती.

घरी पोचले तेव्हा भागवत छज्ज्याखाली उभा होता. पांढरा सदरा, डोक्यावर वडिलांची टोपी, हातात पिशवी. त्याच्याबरोबर रविकिरणही बाहेरच उभे. तो आत येईना म्हणून हे आत बसेनात. दोघांच्या हातात चहाचे कप आणि दोघं दोन दिशांना बघत होते. मी त्यांच्याशी एक शब्द न बोलता मधून आत गेले. तोंड धुतलं, पदर सारखा केला, तांब्या भरून बाहेर आले आणि तो त्याच्यासमोर ठेवला.

"पाय धू आणि आत ये," मी म्हणाले. "भाकरी गार झाली असेल, पण भरीत चांगलं झालंय."

तो आत आला. पाटावर बसला, जेवला. पाऊस कसा आहे ते बोलला, गलांड्याला नांदेडात काय मागणी आहे ते बोलला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत उभी होते. माझा उपवास होता आणि भूक अजिबात नव्हती. खीर संपवून त्यानं वाटी खाली ठेवली आणि इकडं तिकडं पाहिलं. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. मागायचं कोणाकडं, हे त्याला कळेना. मग त्यानं रविकिरणकडं तोंड केलं.

"दाजी, अक्काला चार दिवस पाठवा."

रविकिरण गोंधळले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली, कारण मला रडताना कोणी पाहिलेलं आवडत नाही.

"न्या," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा वेगळाच आला. "न्या, आणि नीट न्या. मला समजलं नव्हतं रे भागवत. माझं चुकलं."

"असू द्या दाजी. गाडीचं काम मातर तुम्ही लई सुबक केलंय, मी बघितलं चाकातून."

"मग गाडी घेऊनच जा दोघं. आता काही त्रास नाही तिला."

"गाडी तुम्हीच फिरवा," मी आतून म्हणाले. "डिस्क-पॅड सरावायचे आहेत ना? आम्हाला एसटी आहे."

एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक बाकावर एक तरी लेक होती, मांडीवर पोर आणि पायाशी पिशवी. आम्ही चाकूरपर्यंत उभं राहून गेलो. खिडकीतून धूळ येत होती, पाय दुखायला लागले होते. चाकूरला एक म्हातारी उतरली आणि तिच्या शेजारच्या बाईनं सरकून मला जागा दिली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हातातलं घड्याळ, पर्स, चष्मा.

"माहेराला निघालात का मॅडम? एकल्याच?"

"नाही," मी म्हणाले. आणि हवं होतं त्यापेक्षा बऱ्याच मोठ्यानं म्हणाले, "भाऊ आलाय न्यायला."

दांडीला धरून उभा असलेला भागवत खिडकीबाहेर बघायला लागला.